परिपाठातल्या खऱ्या बातम्या

६ जानेवारी, मंगळवार
परिपाठात बातम्या वाचणाऱ्या स्वराजला गालगुंड झालंय — म्हणून ते काम माझ्या गळ्यात! पेपरातून उतरवलेलं सगळं वाचलं. अख्ख्या मैदानावर एकटा कावळा लक्ष देऊन ऐकत होता. दीक्षा माझी बेस्ट फ्रेंड, तीपण जांभया देत होती. विचारलं तर म्हणे, "झेबा, सोन्याचा भाव ऐकून आठवीतली पोरं काय करनार?"

मुद्दा आहे.

७ जानेवारी
आज शेवटी एक बातमी घरची घुसडली. "दुसऱ्या मजल्यावरील मुलींच्या बाथरूमची कडी दिवाळीपासून तुटलेली आहे. विद्यार्थिनींनी आत जाताना एक विश्वासू मैत्रीण बाहेर उभी करावी." एकदम टीव्हीवाल्या आवाजात! सगळे फुटले. मुख्याध्यापिका बाई हसल्या नाहीत. पण मधल्या सुट्टीनंतर बघते तर — सुतारकाका आणि नवीकोरी कडी!!

माईकमध्ये जादू आहे.

९ जानेवारी
मी फेमस! जिन्यात अडवून पोरं बातम्या देतात. कॅन्टीनच्या वड्यात बटाटा कमी, लायब्ररीला कायम कुलूप, पंखा फिरतो पण वारा येत नाही. दीक्षा माझी वार्ताहर, खरंखोटं ती तपासते. वड्याचा तपास तिने दोनदा केला — पोटभर!

अब्बा उरणला कंटेनर यार्डात असतात. दमून येतात, पण चपला काढता काढता पहिला प्रश्न, "आजच्या ठळक बातम्या?" अम्मी मात्र कपाळाला हात लावते. "हिचा तोंड हिला एक दिवस नडनार हाय."

१२ जानेवारी, सोमवार
नडलं.

वाचलं ते असं: "आठवी ब-चे पीटीचे तास महिनाभरापासून बेपत्ता आहेत. शेवटचे ते गणिताच्या साळवे सरांच्या हातात दिसले होते." टाळ्या, शिट्ट्या! साळवे सर रांगेच्या टोकाला उभे. कान लालबुंद. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसते चष्मा पुसत राहिले.

बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. "शिक्षकांची टिंगल? माईक बंद!"

वर्गात मी हिरो. पण डबा मी दीक्षालाच देऊन टाकला.

१३ जानेवारी
सरांनी पीटी परत दिला! डॉजबॉल खेळलो, घसा बसेपर्यंत ओरडलो. सर पायरीवर बसून आमच्याकडे बघत होते.

दीक्षा म्हणाली, "सॉरी बोल ना त्यांना."

"का? बातमी खरीच होती!" मी म्हटलं — आणि चेंडू सणसणीत माझ्या नाकावर.

१४ जानेवारी
नाक सुजलंय. सॉरी बोलायला स्टाफरूमपर्यंत गेले. दारातून परत आले.

१६ जानेवारी, शुक्रवार
सरांनीच बाईंना विनवून मला माईक परत मिळवून दिला. परिपाठाआधी बाजूला घेऊन म्हणाले, "माझी बातमी तूच वाच. पोरं हसतील असं वाच." उद्या त्यांचा शेवटचा दिवस. नांदेडकडे, गावाजवळच्या शाळेत नोकरी लागली. "म्हणून तर तुमच्या पीटीत बीजगणित उरकत होतो. नवीन माणूस कधी येतोय कोण जाणे, अर्धवट कसं सोडू? — पण हे वाचू नको हं."

वाचलंच.