गौडा येईपर्यंत

४ एप्रिल
गौडाचं पार्सल आलं. कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून. रिटायर झाल्यावर तो चिकमंगळूरकडे गावी गेला, मी नागपुरात सक्करदऱ्याला. दरवर्षी घरच्या बागेतली कॉफी स्वतः भाजून पाठवतो. या वेळी फोनवर तंबी दिली, "फोडायची नाही. मे महिन्यात मी येतो, मिळून पिऊ." वहिनी गेल्यापासून हा घराबाहेर पडला नव्हता. येतो म्हणाला, यातच माझी दिवाळी.

७ एप्रिल
ठेवू कुठे? ओट्यावर गॅसची धग. फ्रिजमध्ये सौ.चा लसणाचा ठेचा. कॉफीला तो वास लागला तर गौडा मला उभा जाळेल. शेवटी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आतल्या खोलीतलं कपाट, रजयांच्या मागे. सौ. म्हणाली, "माह्ये दागिने बी इतके जपले नाही तुम्ही."

१६ एप्रिल
ऊन तापलंय. दुपारी पडल्यापडल्या कॉलनी आठवत होती. रविवारी व्हरांड्यात शेगडी, लोखंडी कढई, गौडा उघडाबंब बसून बिया हलवतोय. वाळत घातलेल्या कपड्यांवर वीजकेंद्राची राख पडायची, तिचं कुणाला काही नाही. वास सुटला की शेजारपाजारचे आपापले कप घेऊन हजर. प्यायची तेवढीच दळायचा. म्हणायचा, "उद्याची कॉफी आज दळतो तो माणूस आळशी." 'तुम्ही' हा शब्द मराठीत आहे हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. साहेबालाही तू.
फार सुखाचे दिवस होते. तेव्हा कळलं नाही, नेहमीप्रमाणे.

२ मे
गौडाचा फोन. गुडघा दुखतो, मे नाही, जून. बियांना महिना होत आला. झाकण किलकिलं करून वास घेतला. आहे अजून. लगेच बंद केलं. आतल्या खोलीत आता कूलर, हवा सगळी दमट. डबा पुढच्या खोलीत हलवला.

११ मे
कळमेश्वरहून ताई आली, वर्षाचे गहू घेऊन. सकाळी तलावाकडे फिरून आलो, गच्चीवर गेलो तर गहू, तुरीची डाळ, आणि शेजारी जुन्या लुगड्यावर गौडाच्या बिया! उन्हात चकचकत होत्या.
ताई म्हणाली, "काहून गा, असा काय पाह्यतं? दमट लागून राहिल्या होत्या. ऊन दाखवलं, डाळीसारखं एरंडीचं तेल चोळलं, कडुनिंबाचा पाला बी टाकला. आता वर्षभर किडा नाही लागत."
मी ओरडलो. नको तेवढं ओरडलो. ती गहू निवडत राहिली. दुपारी जेवली नाही.

१२ मे
ताईची माफी मागितली. म्हणाली, "त्या मानसासाठी तू इतका जीव टाकून राहिला, म्हनूनच तं लावलं मी."
सौ.ने मूठभर बिया दळून कॉफी करून पाहिली. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, "पोट साफ होईल, दुसरं काही नाही." तिघंही पोट धरून हसलो. ताई सगळ्यात जास्त.
पण गौडा जूनमध्ये येणार. त्याला काय पाजू?

२९ मे
गौडाच्या मुलाचा फोन. गुडघा नाही, हृदय. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केलाय, कायमचा. "अंकल, अप्पांना सांगू नका मी बोललो म्हणून. ते रोज बॅग काढायला सांगतात."
सौ.ने चहा ठेवला. गार होऊन गेला.

३ जून
कशातच लक्ष नाही. सौ. म्हणते, आपणच जाऊ. जाऊही. पण मग मला सगळं माहीत आहे, हे त्याला कळेल.

६ जून
गौडाचा फोन. हॅलोच्या आधी, "बिया?"
"एकदम ताज्या," म्हणालो. सौ. दारातून बघत होती.
"जूनमध्ये जमत नाही रे. थंडीत येतो. तोपर्यंत नीट ठेव."
"ठेवतो. ये."
बोलताना धाप लागत होती त्याला, मध्येच थांबत होता. मग गाडी कोणती, यावर आमची जुंपली. तो म्हणे हैदराबादला उतरून बदलतो, मी म्हणालो, वेडा आहेस, बंगळूरहून थेट गाडी आहे. ऐकेना. नेहमीसारखा हट्टी. बराच वेळ भांडलो. शेवटी तो थेट गाडीला तयार झाला. खालचाच बर्थ काढ म्हणाला.
काढतो म्हणालो.