अकरा मालकांची एक बांधी

मी, बकाराम वल्द छोटेलाल, वय अंदाजे सत्तर, धंदा सुतारकी, राहणार मौजा अर्जुनी, जिल्हा भंडारा, डोके जागेवर असताना हे लिहून ठेवतो. गुडघ्यांची हमी देत नाही.

१. घर, दोन बैल आणि माझी सगळी हत्यारे मुलगा लखनलाल याला. शेजारी करवत मागायला आले तर द्यावी, रंधा देऊ नये.

२. तळ्याखालची धानाची बांधी, चारही बाजूंनी बांध घातलेला शेताचा तुकडा. सन १९१४ साली सागवानासाठी कर्ज मागायला सोसायटीत गेलो. सेक्रेटरी चुन्नीलालजींनी विचारले, "जमीन आहे का नावावर?" म्हटले, "हात आहेत." ते म्हणाले, "हात गहाण नाही ठेवता येत, बकारामभाऊ." हे वाक्य मी चोवीस वर्षे जपले. ते लखनलालला देत नाही, इथेच टाकतो.

पुढे गाड्यांची चाके करून करून ही बांधी घेतली, तर आठ दिवसांत कर्ज मिळाले. त्या दिवशी मी रिकाम्या गाडीत उभा राहून गात घरी आलो.

आता रामबाईला बांगड्यांचा माल भरायचा आहे, केवलराम ढिवराला जाळ्यासाठी सूत पाहिजे. त्यांनाही तोच सवाल झाला. मी बाजारच्या पुड्यांवरून वाचायला शिकलेला माणूस. सोसायटीचे नियम चारदा वाचले. कर्जदाराच्या नावावर जमीन असावी, एवढेच आहे. किती असावी, हे कोणी लिहिलेच नाही.

म्हणून ही बांधी रामबाई, केवलराम व मागच्या पानावर नावे लिहिलेले असेच बिनजमिनीचे नऊ जण यांना सारख्या हिश्श्याने. एकेकाला चार खाटांएवढी येईल. कसायची लखनलालने, धानही त्याचेच.

लखनलाल म्हणाला, "बाबा, अकरा मालक बांधावर उभे राहिले तं मी नांगर कोठून फिरवू?"

"ते बांधावर कायले येतील? ते तं सोसायटीत जाऊन राहिले असतील."

३. तेरवीला जिलेबी करावी. वरण पातळ केले तर मला कळेल.

पुरवणी: साक्षीला चुन्नीलालजींनाच बोलावले. त्यांनी वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले.

"हे अकराही माझ्या दारात येतील."

"येतील."

"अन् मले नाही म्हणता येणार नाही."

"नाही येणार."

ते हसू लागले ते थांबेनात. मग म्हणाले, "लग्नसराई चालू आहे. रामबाईनं बांगड्या भरायले तुमच्या मरणाची वाट काऊन पाहावी? आताच बक्षीसपत्र करा. नोंदणी झाली की अकरा जणांले घेऊन या, अर्ज मी भरतो."

सबब कलम दोन रद्द. सोमवारी नोंदणीला निघतो. उरलेल्या मृत्युपत्राची मला काहीच घाई नाही.

सही: बकाराम वल्द छोटेलाल
साक्षीदार: चुन्नीलाल (सेक्रेटरी), दुलीचंद (कोतवाल)
मुक्काम अर्जुनी, ता. १४ मे १९३८