बाबांच्या कवळीची किल्ली

ता. ३ जून
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.
किल्लीबद्दल फोनवर अवाक्षर काढायचं नाही, असं तूच बजावलंस, म्हणून हे पत्र.

बाबांची कवळी तुटली! नाटकाच्या तालमीत राजा झालेले बाबा शिंकले आणि कवळी थेट प्रधानाच्या पायाशी. सगळे हसून लोळले. बाबा मात्र खोलीत जाऊन बसलेत, भूमिका सोडतो म्हणतात. नाटक अकरा दिवसांवर आलंय. हिरडी सुजल्यामुळे नवं माप घेता येत नाही. जुनं माझ्या लॅबच्या संगणकात आहे, पण काल वीज गेली आणि पुन्हा सुरू होताना तो तू बसवलेली मोठी किल्ली, म्हणजे तो लांबलचक परवलीचा शब्द, मागत बसला.

प्रत्येक मापाला एक किल्ली, त्या सगळ्यांवर मोठी किल्ली, मोठीचे पुन्हा दोन तुकडे! अरे, मी दात बनवते, खजिना राखत नाही. बाबांचा तुकडा मुकुटाच्या अस्तरात सापडला. माझा मी अगदी जपून ठेवला होता. त्याच संगणकात.

हसू नकोस. तूच ये ना. दोन वर्षं झाली, दर वेळी तुझं काम आडवं येतं.
कपाळाला हात लावून बसलेली,
ताई

ता. ६ जून
ती. ताईस सा. न. वि. वि.
हसू नकोस हे वाचेपर्यंत उशीर झाला होता. अख्खं ऑफिस माझ्याकडे बघत होतं.

किल्ल्यांच्या थरांना नावं ठेवू नकोस. दोन वर्षांपूर्वी मी आलो होतो आणि तुझा सहायक सोडून गेला, तेव्हा शेकडो मापांना हात न लावता मी फक्त मोठी किल्ली बदलली, चहा गार व्हायच्या आत. घोळ थरांचा नाही, किल्ली ठेवणाऱ्यांचा आहे. म्हणजे तुझा!

तुला ओळखून असल्यामुळे तुझ्या तुकड्याची नक्कल मी त्याच वेळी एका चिठ्ठीवर करून ठेवली होती. शिकताना तू माझ्या दातांचा साचा केलास, तो फळीवर अजून दात विचकत बसलाय ना? उलटा कर. बाबांना सांग, राजा सोडायचा नाही.

माझं येणं मात्र या वेळीही जमेलसं दिसत नाही. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा,
धाकटा

ता. १५ जून
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.
सापडला! बाबांनी त्यांचा तुकडा वाचला, मी माझा, आणि कुलूप उघडलं. आम्ही दोघं लॅबमध्ये नाचलो. काल नव्या कवळीसकट राजा दणदणीत गरजला. रागाच्या प्रसंगातही दात दाखवून हसत होता, तरी टाळ्या थांबेनात.

तुझे थर मला पटले बरं का. म्हणून एक सुधारणा केली. साच्याखालची चिठ्ठी काढली, संगणकातली पुसली. माझा तुकडा आता फक्त या पाकिटात आहे. पुढच्या रविवारी मीटरच्या दुरुस्तीसाठी वीज जाणार आहे, म्हणजे संगणक पुन्हा मोठी किल्ली मागणार. फोनवर सांगायचं नाही, हा नियम तुझाच.

अंथरूण घालून ठेवते. लोभ आहेच, तो घ्यायला ये.
ताई