दुसऱ्याचं तोंड, तुमचं मशीन

आप्पा, तुमचं खोटं निघालं. ज्याचं त्यालाच बसतं, असं जन्मभर सांगत राहिलात, आणि काल मी दुसऱ्या कंपनीचा पाइप तुमच्या त्या पिंपासारख्या मशीनला जोडून लग्नाचा अख्खा हॉल साफ करून आले. तुम्ही असतात तर तोंड कडू केलं असतं. नाहीत, म्हणून लिहिते. शाळा चौथीत तुम्हीच सोडवलीत, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

संगमनेरच्या स्टँडमागं तुमचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. मी दारातल्या स्टुलावर बसून जळक्या मोटरीतली तार ओढून काढते आहे, आणि एक डॉक्टरीणबाई रिक्षातून ते धूड उतरवते. धूळ ओढायचं मशीन, व्हॅक्यूम क्लीनर. लोखंडी, पाण्याच्या पिंपाएवढं. तुम्ही बटण दाबलंत, त्याच्या तोंडावर तळवा ठेवलात, तो चिकटला. मग माझा हात ओढून ठेवलात. तळव्यावर लाल कडं उमटलं, मी हसले, तुम्हीही हसलात. दुकानात तुम्ही हसलेले मला तेवढंच आठवतं. मोटर हत्तीसारखी होती, पाइप तेवढा चिरला होता, आणि तसला पाइप कंपनीनं बनवायचा बंद केला होता. बाईनं दुसऱ्या कंपनीचा पाइप आणि ब्रश पिशवीतून आणले होते. "मिस्त्री, एवढं जोडून द्या की." तुम्ही पिशवीत डोकावलासुद्धा नाहीत. "बाई, ज्याचं त्यालाच बसतं. असली ठिगळं आमच्या दुकानात व्हायची न्हाईत." मी म्हणाले, "आप्पा, मधी पीव्हीसीचा तुकडा तापवून चढवला तर?" तर भरल्या गिऱ्हाइकात म्हणालात, "घ्या! चौथी शिकलेली मला मिस्तरीपना शिकवती. तार ओढ गुमान." लोक हसले. बाई मशीन अन् पिशवी तिथंच टाकून गेली ती परत आलीच नाही.

लाज कशाची वाटत होती हो? विहिरीवर मोटर बसवायला जायचात तेव्हा दुसरं काय करायचात? बांधावर पाचट पेटवून पाइपाचं तोंड मऊ करायचं, दुसऱ्या पाइपावर चढवायचं, वर ओलं फडकं मारायचं. कुठल्या कंपनीचा आहे ते बघतं कोण? पण दुकानात शर्टाला इस्त्री, भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर, तिथं तुम्ही मोठे मिस्त्री. रानातली अक्कल रानातच ठेवून यायचात.

आणि मी विसरले असं समजू नका, तुम्ही एकदा करून बघितलं होतंत. शटर अर्धं ओढून. बाईच्या पिशवीला हात लावणं कमीपणाचं, म्हणून पाणी सोडायचा तो मऊ, गुंडाळून ठेवायचा पाइप मशीनला बांधलात. बटण दाबल्याबरोबर पाइप चपटा, वाळल्या आतड्यासारखा. मशीन हवा आत ओढतं, तिथं मऊ पाइप टिकेल कसा? पंपाच्या ओढायच्या बाजूला मऊ पाइप लावला म्हणून तुम्ही शेतकऱ्यांच्या आया-बहिणी काढायचात! आणि स्वतः तेच केलंत. वर माझ्याकडं बघून म्हणता कसे, "बघितलं? बसत न्हाई." चूक तुमची, नाव मशीनचं.

तुमचं ते ‘ज्याचं त्यालाच बसतं’ तुम्ही माझ्यावरही फेकलंत. मिरजगावच्या सासरहून एसटीनं आले, पिशवी पायाशी ठेवून दुकानात उभी राहिले. नवऱ्यानं मारलेलं गालावर दिसत होतं. तुम्ही मोटरीतनं मान वर केली नाहीत. "तुझं तिकडंच बसायचं. संध्याकाळची गाडी हाय." चहासुद्धा सांगितला नाहीत. मी गेले. पुन्हा आले ती कायमची, तेव्हा तुमच्या फोटोला हार होता. आता ओरडायचं कुणावर? भाऊ म्हणाला, "ते पिंप भंगारात घाल." नाही घातलं. माझ्या माळ्यावर ठेवलं. का, ते विचारू नका.

मी आता सोफे, गालिचे साफ करायची कामं घेते. चकचकीत प्लास्टिकचं मशीन होतं माझ्याकडं. काल मंगल कार्यालयात स्टेजचा गालिचा निम्मा झाला आणि त्याची मोटर जळाली. ऐन सिझन, दुसऱ्या दिवशी लग्न. तिथला मॅनेजर, कालचं पोरगं, घड्याळ दाखवतं. "मावशी, चारपर्यंत झालं तर ठीक, न्हाईतर पुन्याची पार्टी बोलावतो. मग पुढची कामंबी त्यांचीच."

"बोलाव. पुण्याहून मशीन येईल, सायेब येईल, तू चहा पाज. डाग हितंच ऱ्हाईल."

तोंडानं बोलले, पण हिशेब डोक्यात होता. हे कार्यालय गेलं तर बाकीची दोन आपोआप जातात. लोक एकमेकांना विचारूनच बाई बोलावतात. घरी आले, तुमचं धूड खाली ओढलं. मोटर पहिल्या झटक्याला उठली. जळक्या मशीनचा पाइप अन् ब्रश धड होते, पण तुमच्या पिंपाचं तोंड रुंद, माझा पाइप बारीक. पीव्हीसीचा तुकडा गॅसवर फिरवला, मऊ झाला तसा पिंपाच्या तोंडावर दाबला, ओलं फडकं मारलं. दुसऱ्या बाजूला माझ्या पाइपावर सायकलची ट्यूब गुंडाळून आत ठोकला. चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला, आप्पा. तेवढ्यासाठी तुम्ही ते मशीन जन्मभर मारून ठेवलंत.

कार्यालयात पोरगं फिदीफिदी हसलं. "मावशी, ही तोफ कुन्या किल्ल्यावरनं आनली?"

"माझ्या बापाची हाय. पाय काढ, न्हाईतर चप्पल ओढंल."

चप्पल खरंच ओढली. मग हसला नाही. गालिच्यातनं मागच्या किती लग्नांचे तांदूळ निघाले, देव जाणे. घड्याळ दाखवणाऱ्यानंच नंतर पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "पुढच्या तारखा लिवून घ्या, मावशी." म्हणलं, माझ्या ध्यानात राहतात, तू तुझ्या लिही.

एवढंच सांगायचं होतं. की बसतं. तापवायची तयारी पाहिजे, बसतं. तुम्ही मिस्त्री नव्हता, कंपनीचे चाकर होता, तेही बिनपगारी. हा कागद पोस्टात टाकायचा नाही, तुम्ही वाचला असता तरी मान वर केली नसतीत.

फक्त एक. पोरगं लाइट बंद करायला गेलं, तेव्हा मी ब्रश काढला आणि पाइपाच्या तोंडावर तळवा ठेवला. चिकटला. बंद करायचं बटण पायाशीच होतं. मी लगेच दाबलं नाही.