कबूल केलं की मार नाही

प्रिय ठमे,

तुझा फोन येऊन आठवडा झाला आणि मी अजून हो की नाही ते कळवलं नाही. तू म्हणत असशील, दादाला आता भाव चढला. तसं नाही गं. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ दुकानातल्या स्टुलावर तसाच बसून होतो. समोर एका बाईंचा टेबलफॅन उघडून ठेवलेला. त्या दोनदा विचारून गेल्या आणि दोन्ही वेळा मी ‘झालाच’ म्हणालो. इतक्या वर्षांनी तू मला दादा म्हणालीस. मधल्या काळात तुझ्या बोलण्यात मी नुसता ‘तो’ होतो, हे मला आईनंच सांगितलं होतं. तिच्या पोटात असलं काही राहायचं नाही. आणि आता आईची वरची खोली रिकामी आहे, पडदे धुऊन लावलेत, खिडकीपाशी टेबल बसेल, त्या खुराड्यात एकटा काय करतोस, ये इकडे, हे सगळं तू एका दमात सांगून टाकलंस. तू, मी आणि लेक, जेवायला आपण तिघं होऊ, म्हणालीस. त्या ‘तिघं’वर आवाज तुटतोय अशी थाप मारून मी फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

खुराडं हा शब्द मात्र तू नेमका वापरलास. पलंगावर बसून हात लांब केला की गॅस पेटवता येतो, आणि दार उघडायचं तर खुर्ची पलंगावर ठेवावी लागते. पण माझं तसं वाईट चाललेलं नाही. दिवसभर पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करतो. दुकानाच्या मालकाला माझं सगळं ठाऊक आहे, त्यानं ऐकूनच कामावर ठेवलं. कुणी गिऱ्हाईक माझ्याकडे रोखून बघायला लागलं की तो म्हणतो, ‘हात चांगला आहे त्याचा, बाकीचं आपल्याला काय करायचंय.’ भला माणूस आहे. पण त्यालाही वाटतं की ते मीच केलं, आणि तरीही तो मला सांभाळून घेतोय. मी कधी त्याला काही सांगायला गेलो नाही. सांगून थकल्यावर माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसलं की लोकांना वाटतं, आला ताळ्यावर.

तुला आईचा कायदा आठवतो ना? कबूल केलं की मार नाही. काचेची ती निळी सुरई तुझ्या चेंडूनं फुटली तेव्हा आई हातात फूटपट्टी घेऊन उभी होती आणि तू फ्रॉकचं टोक चघळत भिंतीला चिकटली होतीस. मी म्हणालो, मी फोडली. लगेच फूटपट्टी कपाटावर गेली, आईचा हात माझ्या डोक्यावर आला आणि खरं बोलल्याचं बक्षीस म्हणून मला बिस्कीट मिळालं. त्यातलं अर्धं तू हक्कानं घेतलंस, चोर ते चोर वर शिरजोर! पुढे तर तो माझा धंदाच झाला. सांडलेलं दूध, हरवलेली छत्री, फाटलेलं कॅलेंडर, सगळं मीच केलेलं असायचं. कोणी केलं हे शोधण्यात आईला फारसा रस नव्हताच. कुणीतरी ‘मी केलं’ म्हणालं की तिचा जीव थंडावायचा आणि घर पुन्हा घरासारखं व्हायचं.

मोठेपणी मात्र हा कायदा मला पाळता आला नाही, आणि त्याचं कारण लंबू. लंबू आधी माझा जोडीदार होता, मग तुझा झाला. आम्ही दोघं लिफ्टच्या कामावर एकत्र लागलो, मीच त्याला घरी आणला आणि तू त्याला वरपासून खालपर्यंत बघून ‘हा दारातून आत कसा आला?’ म्हणून विचारलंस. त्याच्या मरणाबद्दल तू कोर्टात सगळं ऐकलंस, पण ते वकिलांच्या भाषेत. मी माझ्या भाषेत तुला कधीच सांगितलं नाही. आज ऐक.

लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वरखाली जाते त्याला आम्ही शाफ्ट म्हणतो. शाफ्टमध्ये उतरण्याआधी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची, असा नियम आहे. दोघं असले तर कुलपं दोन. म्हणजे एक जण चुकला, विसरला, अगदी त्याचं डोकं फिरलं, तरी दुसऱ्याचं कुलूप निघेपर्यंत लिफ्ट हलत नाही. आम्ही दोघांत एकच कुलूप वापरायचो. कारण ऐकलंस तर हसशील. लिफ्ट बंद म्हटल्यावर गच्चीपर्यंत पायी चढावं लागतं, आणि दोघांनी कशाला पाय मोडून घ्यायचे? जो वर असेल त्यानं कुलूप घालावं, किल्ली त्याच्या खिशात. लंबू म्हणायचा, तुझा खिसा काय नि माझा खिसा काय. तुमचं लग्न झाल्यावर तर म्हणायला लागला, आता घरचाच खिसा.

त्या दिवशी कापडाच्या गोदामातली मालाची लिफ्ट होती. वर मी होतो. स्विच बंद केला, कुलूप घातलं, ओढून पाहिलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. शाफ्टमध्ये तोंड घालून ‘बंद’ असं ओरडलो, खालून लंबूनं ‘उतरलो’ म्हटलं. मग ग्रीसचा डबा आणायला मी जिन्यानं खाली आलो, मागच्या गल्लीत आमची गाडी उभी होती तिथे गेलो. डबा हातात असतानाच आतून आवाज आला. तो कसला आवाज होता ते मी तुला लिहिणार नाही. धावत गच्चीवर गेलो तर स्विच चालू होता आणि कुलूप खाली पडलं होतं, उघडलेलं, न मोडलेलं. किल्ली माझ्या खिशात होती. पोलिसांना ती मीच काढून दिली.

कुलपाबरोबर नेहमी दोन किल्ल्या येतात. दुसरी आमच्या सुपरवायझरच्या खणात असायची. तो कोर्टात म्हणाला, ती केव्हाच हरवली आणि आपण त्या दिवशी तिकडे फिरकलोही नाही. खरंही असेल. मी त्याला तिथे पाहिलं नव्हतं. गोदामवाल्यांना घाई होती, ते सकाळपासून लिफ्ट कधी सुरू होणार म्हणून डोकं खात होते. पण कुलूप कोणी काढलं हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही नाही. वकिलानं विचारलं, मग कोणी काढलं? मी म्हणालो, माहीत नाही. गल्लीत मला कुणी पाहिलंय का? माहीत नाही. दर ‘माहीत नाही’ला समोरच्या बाकावर तुझी मान थोडी थोडी खाली जात होती, ते मला दिसत होतं. घाईघाईनं लिफ्ट चालवून बघायला मी वर गेलो आणि आत लंबू आहे हे विसरलो, असं ठरलं. साधी गोष्ट होती, सगळ्यांना कळण्यासारखी. माझी गोष्ट कुणालाच कळण्यासारखी नव्हती, मलाही नाही.

तुरुंगात असताना तिथले साहेब चांगले होते. पश्चात्ताप झाल्याचं सांगितलंस तर लवकर सुटशील, असं त्यांनी मला पुन्हा पुन्हा समजावलं. मी म्हणायचो, मी केलंच नाही तर पश्चात्ताप कशाचा? ते हसायचे. म्हणायचे, इथे सगळे निर्दोषच असतात, दोषी म्हणून मी एकटाच. मी ताठ राहिलो. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. लंबूला मी मारलं असं माझ्या तोंडून निघतच नव्हतं, इतकंच. आई भेटायला आली की जाळीपलीकडून एकच विचारायची, खरं सांग. मी खरं सांगायचो आणि ती डोळे पुसत परत जायची.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला हात धजत नाही. आई गेली त्याच्या आधी तू मला बोलावून घेतलंस, आठवतं? दुपारी तू औषधं आणायला गेलीस आणि मी तिच्या उशाशी बसलो. तिचा आवाज अगदी बसला होता. ती म्हणाली, “मला तुला माफ करायचंय रे. पण तू काही केलंच नाही म्हणतोस, मग मी माफ तरी कशाचं करू?” मी तिचं पांघरूण सारखं केलं. मग ती म्हणाली, “एकदा म्हण. कबूल केलं की मार नाही.”

आणि मी म्हणालो, हो आई, मीच लावला स्विच. घाई झाली होती. हे घाईचं वर मीच जोडलं, जे सरकारी वकील बोलला होता तेच. आईनं हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. तिचा चेहरा असा सैल झाला, त्या सुरईच्या वेळी झाला होता तस्साच. तू परत आल्यावर तिनं पहिली गोष्ट तुला हीच सांगितली आणि नंतर शांतपणे गेली. तू जिन्यात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस. मला वाटलं, मी हे आईसाठी केलं. लोकांना सांगायला हे छान आहे. पण ठमे, तिचा हात डोक्यावर आला तेव्हा मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्याची मला लाज वाटते. मरणाऱ्या आईशी खोटं बोललो याची नाही वाटत तितकी. खऱ्यानं मला इतक्या वर्षांत जे मिळालं नाही ते सगळं एका खोट्यानं आणून दिलं, आईचा हात, तुझं ‘दादा’, धुतलेले पडदे, आणि मी ते दोन्ही हातांनी घेत सुटलो. गेला आठवडाभर मी स्वतःला समजावतोय की निर्दोष असून तरी काय उपयोग झाला? कुणाला दिसत नाही, कुणाला पटत नाही, लंबू काही परत येत नाही. असलं जड ओझं कुणासाठी वाहायचं? परवा तर मी पलंगाखालची ट्रंक ओढून कपडे भरायलाही घेतले. हो म्हणून तुला फोन करणारच होतो.

पण काल तुझा लेक दुकानात आला. सामान किती आहे, गाडी केवढी लागेल ते बघायला आलो म्हणाला. तूच पाठवलं असशील. उंबऱ्यात वाकून आत आला तेव्हा वाटलं, हुबेहूब लंबू. मला मामा म्हणाला. बापाच्याच कामाला लागलाय, लिफ्टवर, हे मला माहीत होतं, म्हणून सहज विचारलं, कुलूप स्वतःचं घालतोस ना रे? तो हसला आणि म्हणाला, “आम्हा दोघांत एकच आहे, मामा. प्रत्येक वेळी कोण दोघं चढणार? आणि माझा जोडीदार काही तुमच्यासारखा नाही, अगदी भरवशाचा आहे.” टोमणा नव्हता गं तो. माफ केलेल्या माणसाशी बोलावं तसं मोकळेपणानं बोलला. आणि मी हसलो. माझ्या कबुलीला शोभेल असं ओशाळं हसलो, त्याला चहा पाजला आणि जाऊ दिलं. रात्रभर ते हसणं मला डाचत होतं. मी दोषी ठरलो म्हणून दोघांत एकच कुलूप होतं याकडे कुणी बघितलंच नाही, आणि आता मी स्वतःच हो म्हणून बसलोय. मामा वाईट निघाला, आपण चांगला जोडीदार शोधला की झालं, एवढंच तो यातून शिकलाय. म्हणून सकाळी दुकान उघडायच्या आधी हे लिहायला बसलो. मी स्विच लावला नाही, ठमे. आईला मी खोटं सांगितलं. हे वाचून मी पुन्हा ‘तो’ झालो तर मी रागावणार नाही, खोली दुसऱ्या कुणाला दे, पडदे तेवढे राहू देत. पाकिटाबरोबर एक नवं कुलूप पाठवतोय, त्याच्या दोन्ही किल्ल्या लेकाच्या हातात दे आणि आजच सांग की जोडीदार असो नसो, हे लावल्याशिवाय शाफ्टमध्ये पाय टाकायचा नाही. माझं तो ऐकणार नाही, तुझं ऐकेल. त्याला म्हणावं, तुझे बाबाही भरवशाच्या माणसावर विसंबूनच आत उतरले होते. मी भरवशाचाच होतो गं. तरी ते गेले.

तू काहीही ठरवलंस तरी तुझाच,
दादा