लग्न हाफटाइमला

शनिवारांचे धनी आणि आमचे थोरले साडू डेलमारसाहेब यांस, अल्डेनहून टायरवाल्या लोवेलचा टोपी काढून नमस्कार.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असं लव्हॉनताईंनी आर्डिसला फोनवर सांगितलं. ऐकून फार बरं वाटलं. (आर्डिसला लगेच वाटलं, मला जरा उशिरा.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. मक्याची कापणी चालू आहे, माझी पाठ धरली आहे, आणि आर्डिस माझ्याशी बोलत नाही त्यामुळे घरात शांतता आहे. तुम्ही घरामागे पोहण्याचा तलाव बांधलात म्हणे. छान केलंत. आमच्या शेजारच्या विनस्लो कॉलेजचा तलाव गेल्या वर्षी बंद झाला, पोहणाऱ्या पोरांना घरी पाठवलं. चालायचंच, कुणीतरी पोहलं म्हणजे झालं.

विनस्लो तुम्ही विसरला असाल म्हणून आठवण करून देतो. (न्यूयॉर्कात टीव्ही कंपनीच्या ऑफिसात बसून, कुठल्या पोरांनी कुठल्या शनिवारी किती वाजता फुटबॉल खेळायचं हे ठरवणाऱ्या माणसाला ती पोरं कुठल्या गावची, हे कसं लक्षात राहणार?) आमचं अल्डेन आणि नदीपलीकडचं विनस्लो यांची मॅच आजोबांच्या काळापासून दर नोव्हेंबरात व्हायची. जिंकणाऱ्याला बैलांचं एक जुनं, वाळवी लागलेलं लाकडी जू मिळायचं. फुकट दिलं तर कुणी जळणालाही नेलं नसतं, पण त्या जुवापायी सख्खे भाऊ वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नसत. आमची मारिट आणि तिचा एमेट त्याच मॅचला भेटले. तो विनस्लोच्या बँडमध्ये ट्यूबा (तो भलामोठ्या तोंडाचा पितळी कर्णा) वाजवत होता आणि आमच्या लेकीनं त्या ट्यूबाच्या तोंडात मक्याचं कणीस टाकलं. एवढ्या भक्कम पायावर जमलेलं लग्न अख्ख्या जिल्ह्यात दुसरं नसेल.

मग तुमची कंपनी आली. आमची शेजारपाजारची कॉलेजं मिळून ‘सहा नद्या मंडळ’ होतं, हे तुम्हाला माहीतच आहे. मंडळाच्या मॅचेस दाखवायचे हक्क तुम्ही विकत घेतलेत. कराराच्या आकड्यापुढची शून्यं बघून आमच्या कॉलेजचे प्रेसिडेंट इतके हरखले, की त्या आठवड्यात ते लायब्ररीतसुद्धा गेले म्हणतात. पण करारात अट अशी, की मंडळानं मोठ्या शहरांतली कॉलेजं घ्यावीत, जिथे टीव्ही जास्त. म्हणून आता आमच्या सहा नद्यांत सतरा कॉलेजं आहेत, त्यातली चार थेट प्रशांत महासागराच्या काठी. आणि विनस्लोत टीव्ही कमी, म्हणून विनस्लोला डच्चू. शेजारी नदीपलीकडे बसला आहे, पण त्याच्याशी खेळायचं नाही. आमच्या व्हॉलीबॉलच्या पोरी मात्र मंगळवारी विमानात बसतात, समुद्राकाठी हरतात आणि शुक्रवारी रसायनशास्त्राच्या परीक्षेला डोळे चोळत येतात. परवा तिकडच्या एका पाहुण्यानं माझ्या दुकानात पंक्चर काढून घेताना विचारलं, अल्डेन म्हणजे बटाट्यांचं ना? मी म्हटलं नाही, मक्याचं. त्यानं तो फरक मनावर घेतला नाही.

असो. मूळ मुद्दा लग्नाचा. फुटबॉलच्या दिवसांत आमच्याकडे शनिवारी कुणी लग्न करत नाही, हे तुम्ही इथले जावई असल्यामुळे जाणताच. लग्नच काय, कुणी मरतसुद्धा नाही. म्हातारी ऑस्बी गेल्या वर्षी शुक्रवारी गेली तर पास्टर व्हेटर यांनी तिला सोमवारपर्यंत थांबवून ठेवलं. तीही कुरकुरली नसती, तिच्या पर्समध्ये त्याच शनिवारचं तिकीट होतं. त्यात एमेट आता आमच्या कॉलेजचा दुय्यम बँडमास्तर. मॅच असली की तो मैदानावर हवाच, नाहीतर नोकरी जायची. म्हणून आम्ही वर्षभर आधी वेळापत्रक मांडीवर घेऊन बसलो आणि ऑक्टोबरातला मॅच नसलेला एकुलता एक शनिवार शोधून काढला. चर्च ठरलं. मिसेस लिंडाल यांच्या स्वयंपाक-मंडळानं हॉटडिश (बटाटे आणि खिमा एकत्र भाजून करतात ती), हॅमचे सँडविच आणि तीन रंगांची जेली कबूल केली. आर्डिसनं ड्रेस शिवायला टाकला. मी पोट आत घ्यायला लागलो.

जुलैत तुमच्या कंपनीला त्या शनिवारी एक मोठी मॅच कमी पडली. एक कॉलेज उचललं इकडून (आमचंच), एक समुद्राकाठून, आणि आमचा शनिवार भरून टाकला. बरं, मॅच आहे तर आहे, निदान वेळ सांगाल? तर वेळ सहा दिवस आधी कळणार. सकाळी असेल, दुपारी असेल, संध्याकाळी असेल, जशी जाहिरातदारांची इच्छा. पूर्वी म्हणे लोक ग्रहताऱ्यांवरून मुहूर्त काढत. त्या ताऱ्यांना निदान वर्षभर आधी आपण कुठे असणार हे ठाऊक असायचं. आम्ही पत्रिकेवर ‘वेळ मागाहून कळवण्यात येईल’ असं छापलं, तर एमेटच्या काकांनी विचारलं की नवरा तरी नक्की झालाय का. मिसेस लिंडाल रोज दुकानात येऊन हॉटडिश भट्टीत कधी घालू म्हणून विचारायच्या. त्या आल्या की मी गाडीखाली शिरायचो.

शेवटी माझं डोकं फिरलं. मी तुमच्या कंपनीला फोन लावला. (तुम्हालाच लावला होता. तुमच्या सेक्रेटरीनं विचारलं, कुठला लोवेल? मी म्हटलं, सख्खा साडू. ती म्हणाली, ते मीटिंगमध्ये आहेत.) तिनं तो पुढे कुणा मिस प्रेंटिस यांच्याकडे जोडून दिला. मी त्यांना काय काय सुनावलं ते इथे लिहीत नाही, टपालखात्याचे काही नियम असतात. जू, विनस्लो, व्हॉलीबॉलच्या पोरी, म्हातारी ऑस्बी, कुणाला सोडलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, किती गोड! दुसऱ्या दिवशी त्यांच्या साहेबांचा फोन. जावई हाफटाइमला, म्हणजे मध्यंतरात, बँड घेऊन मैदानावर असणारच आहे, तर लग्न तिथेच करून टाकू. सत्तर हजार वऱ्हाडी, वर देशभरातली घरं. फुलं कंपनीची, जेवण कंपनीचं, वधूपित्याला नवा सूट कंपनीचा.

आता तुम्हीच सांगा साडूसाहेब, टायरवाल्याला देशभर कोण विचारतो? मी गेलो होतो जाब विचारायला आणि गळ्यात हार घालून आलो. अर्थात मी आमच्या प्रेसिडेंटसारखा भोळा नाही. मी घासाघीस केली, चार फोन तर मीच लावले. त्यांना चर्चऐवजी गोलपोस्ट हवा होता, मी म्हटलं ठीक, पण पास्टर आमचाच. ते म्हणाले पास्टरनं कपडे धुण्याच्या साबणाच्या जाहिरातीची टोपी घालायची. मी ताणून धरलं आणि टोपीवरून बिल्ल्यावर आणलं. मारिटनं ‘हो’ जाहिरातींच्या आधी म्हणायचं की नंतर, यावर दोन दिवस गेले. शेवटी प्रश्न आधी आणि ‘हो’ जाहिरातींनंतर, असं ठरलं, म्हणजे लोक उठून जाणार नाहीत. दुकानाचं नाव पडद्यावर खाली दोनदा येणार. मी सही केली तेव्हा मला पहिल्यांदाच कळलं की मोठ्या माणसांना यात काय मजा येते.

मारिटला सांगितलं, तर तिनं करार मागून घेतला आणि माझ्या सहीपर्यंत वाचला. मग म्हणाली, “बाबा, दोन वर्षं तुम्ही प्रेसिडेंटला शिव्या घालताय, की त्यानं घरातली गोष्ट बाजारात नेली. मग माझं तुम्ही काय केलंत?” मी तिला म्हटलं की त्याचा करार आणि माझा करार यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, मला जेवण मिळतंय. तिनं पर्स उचलली आणि गेली. तेव्हापासूनच आर्डिसही गप्प आहे. बायकांना व्यवहार कळत नाही, असं मी आर्डिस घरात नसताना म्हणतो.

तर अशी सगळी हकीकत. टीव्हीच्या बाजूनं तयारी पूर्ण आहे. सूट आला, खांद्यात थोडा मोठा आहे. गुडघ्याला जपा, लव्हॉनताईंना नमस्कार सांगा, आणि पोहताना थंडी लावून घेऊ नका.

तुमचा धाकटा साडू,
लोवेल ब्राटव्होल्ड

ता. क. : ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मारिट आणि एमेटनं मंगळवारी जिल्हा कोर्टात जज्जासमोर लग्न केलं. कुणाला पत्ता लागू दिला नाही. मला बेकरीवाल्यानं सांगितलं, केक परत घेणार नाही म्हणाला. वर हे लिहायला हात धजला नाही. पण करारात मी शनिवारी हाफटाइमला ‘एक लग्न, घरच्या माणसांचं’ पुरवायचं कबूल केलं आहे, आणि न पुरवल्यास जे कलम आहे ते वाचून वकील खुर्चीत बसला. म्हणून विनंती अशी, की तुम्ही आणि लव्हॉनताईंनी शनिवारी इथे येऊन एकमेकांशी पुन्हा एकदा लग्न करावं. तुम्ही घरचेच आहात. गुडघ्यामुळे वाकता येणार नाही म्हणाल, तर खुर्ची ठेवतो, पण तिच्यावर साबणाचं नाव असेल.

ता. क. २ : आधी मी आर्डिसला विचारलं होतं, आपण दोघंच पुन्हा करू या का. ती चार दिवसांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “एकदा केलं ते कुणी बघितलं नाही, हेच त्यातलं सुख आहे.”

ता. क. ३ : हे आर्डिसला कळू देऊ नका. मी काल कोर्टात जाऊन आलो, नुसती खोली बघायला. साधीच आहे, दोन बाकं आणि एक झेंडा. तिथली क्लार्क माझी गिऱ्हाईक आहे. म्हणाली, मारिट निळ्या ड्रेसमध्ये छान दिसत होती. दारापासून टेबलापर्यंत आणायला कुणी आहे का, असं जज्जांनी विचारलं, तेव्हा ती दाराकडे बघत थोडी थांबली. मग म्हणाली, “बाबा मीटिंगमध्ये आहेत.”