मामंजींचे डोळे आणि गाडीचं पॉलिश

ताईला धाकटीचा नमस्कार.

तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण मी बरी नाही. फोनच केला असता, पण मामंजी शेजारच्या खोलीत असतात आणि त्यांचे कान पहिल्यापासून तिखट आहेत. चुका काढू नकोस. शाळेत मी काय दिवे लावले ते तुला माहीत आहे.

मामंजींची ती काळी गाडी तुला आठवत असेल. (तू टेकून उभी राहिलीस तर म्हणाले होते, "पलीकडे भिंत आहे की.") रोज सकाळी ते तिला पिवळ्या फडक्यानं पुसतात. ह्यांना, म्हणजे पोटच्या पोराला, काच खाली करायची तरी विचारावं लागतं. मोतीबिंदूनं मामंजींना सगळं धुरकट दिसायला लागलं, गाडी चालवणं बंद झालं, तरी पुसणं बंद नाही. मी तर त्या गाडीजवळून अंग चोरून जाते. लग्न होऊन एवढा काळ झाला, अजून त्यांच्यासमोर माझ्या तोंडातून धड शब्द फुटत नाही. आणि आमच्या छोटीनं, मी कपडे वाळत घालत होते तेवढ्यात, त्या गाडीच्या दारावर खड्यानं चित्र काढलं! साधी रेघ नाही गं. मोठं गोल तोंड, डोळे, नाक, उभे केस. वर मला हाक मारून दाखवते, "आई, हे आबा!"

आता मामंजी घरातून हाकलणार मला, असंच वाटलं. धावत जाऊन भांड्यांची तारेची घासणी आणली आणि घासलं. तू म्हणशील, गाडीला घासणी? अगं, करपलेलं पातेलं निघतं तर हे का नाही निघणार, एवढंच डोक्यात आलं. आबा काही गेले नाहीत, त्यांच्याभोवती पांढरा ढग मात्र आला. शेजारीण म्हणाली टूथपेस्ट लाव, ती लावली. मग केसांचं तेल लावलं. त्यानं चकाकलं, पण संध्याकाळपर्यंत धूळ बसून आबांना दाढी आली. ह्यांना दाखवलं, तर "तू केलंस, तू निस्तर," म्हणून मोकळे झाले. (बापाला माझ्याहून जास्त घाबरतात.)

मामंजींचं पुसणं चालूच होतं. त्यांना दिसत नव्हतं म्हणून मी वाचले. त्या दाराशी आले की फडकं थांबायचं, बोटं फिरायची, आणि इकडे माझी पोळी करपायची. मग फडकं पुढे सरकायचं. मग डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. घरात सगळ्यांना आनंद, आणि मी एकटी तोंड पाडून. डॉक्टरच्या हाताला यश येऊ नये, असं तर म्हणता येत नाही ना!

ऑपरेशननंतर ते थोडे दिवस माझ्या नणंदेकडे राहिले. तेवढ्यात ह्यांनी गाडी पॉलिशवाल्याकडे नेऊन सोडली आणि कामाला पळाले. मी पोर मांडीवर घेऊन तिथल्या लंगड्या खुर्चीवर. पॉलिशवाला असा बोलका, की मशीन बंद झालं तरी आवाज चालू. आधी गाडी धुतली, रबरांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या, मग दिवा धरून म्हणाला, "वहिनी, हे बघा जाळं." सगळ्या गाडीवर गोल गोल बारीक चरे! म्हटलं, एवढं मी नाही हो केलं, माझं फक्त दार. तर म्हणाला, हे कोरड्या फडक्याचं काम, रोज कोणी पुसतं का? आता काय सांगू, कपाळ! एका घासणीपायी माझी झोप उडालेली, आणि मामंजी स्वतः रोज सकाळी चरे पाडतायत! (हे त्यांना कोण सांगणार? तू सांग.)

मग ते गरगर फिरणारं मशीन लावलं. छोटी रडायला लागली, मीही रडायच्या बेतात, कारण हा बाबा मधेच म्हणतो, "चरा खोल आहे, जास्त घासलं तर रंग जाऊन पत्रा दिसेल, पण बघू." बघू! पोट फाडल्यावर डॉक्टर म्हणतो का बघू? पण निघालं बाई. आबा हळूहळू विरून गेले, आणि दारात मला माझे पिंजारलेले केस दिसले. तिथेच घोळ झाला. धुतलेल्या तोंडाखाली काळी मान असते ना, तशी बाकीची गाडी दिसायला लागली. मग काय, करा सगळीच.

मामंजी काळा चष्मा लावून घरी आले. फाटकातच थांबले. चष्मा काढला आणि गाडीकडे बघतच राहिले. मी दाराआड, छोटीच्या तोंडावर हात ठेवून. मग म्हणाले, "डॉक्टर देवमाणूस आहे."

चमकतेय गाडी आणि नाव डॉक्टरचं! वाटलं, सुटले. कसली सुटतेय! आता त्यांना सगळंच दिसतं. कोपऱ्यातली जळमटं, कपाचा उडालेला टवका, ह्यांचं टक्कल. शेजारच्या काकांना जाऊन सांगितलं, माझे डोळे नवे झाले तरी तुमची गाडी मळकीच दिसते, धूत जा जरा. काका आता आमच्याशी बोलत नाहीत.

भाऊजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझी धाकटी

ता. क. खरं काम राहिलंच. मामंजी आता दोन्ही वेळेला गाडी पुसतात, त्याच कोरड्या पिवळ्या फडक्यानं. पॉलिशवाला म्हणाला होता, मऊ जाड फडकं हवं, तेही ओलं. मी सांगितलं तर विचारतील, तुला कसं कळलं? तुझं ते ऐकतात. तेव्हा तशी फडकी घेऊन ये, तुझ्याकडून भेट म्हणून.

आणखी ता. क. चिकटवलेलं पाकीट पुन्हा फाडलंय. आज सकाळी पुसता पुसता मामंजी त्या दाराशी थांबले, बोटं फिरवली आणि मला हाक मारली. म्हणाले, "सूनबाई, इथे मी होतो. कुठे गेलो?" ताई, त्यांना सगळं माहीत होतं! छोटीनंच त्यांचं बोट धरून नाक, डोळे, केस दाखवले होते. रोज चाचपायचे, आणि डोळे बरे झाले की आधी ते बघायचं ठरवून बसलेले. घरी आल्यापासून शोधतायत, आपले नवे डोळेच चुकतायत असं वाटलं म्हणे. मी म्हटलं, मामंजी, तुम्ही रागवाल म्हणून मीच ते काढून घेतलं. त्यांच्यासमोर एवढं लांब पहिल्यांदाच बोलले असेन. ते अंगणात गेले, चांगला टोकदार खडा शोधला, धुतला आणि छोटीच्या हातात दिला.

तिनं पुन्हा काढलंय. या वेळी अख्ख्या बॉनेटवर, काळ्या चष्म्यासकट. आता ते पुसलं जाऊ नये म्हणून वरून काचेसारखा थर मारून आणायचाय म्हणे. गाडीबरोबर कोण जाणार? मी! त्या पॉलिशवाल्याला कुठलं तोंड दाखवू? फडकी राहू देत. तू ये आणि माझ्याबरोबर चल.